तीन की आठ

३ एप्रिल २०१६, रविवार

आज टोचणीनं कागद फाडला. ब्रेलमध्ये रागानं लिहिलं की असं होतं. हे दुसरं पान.

घर बदलून बावीस दिवस झाले आणि नेट नाही. छावणी भागातल्या भाड्याच्या घरात टेलिफोनची तार होती, तिच्यावर नेट होतं, माझं काम चालत होतं. बाबांनी पडेगावात स्वतःचा फ्लॅट घेतला. तिसरा मजला, हवा छान, दौलताबादचा किल्ला दिसतो म्हणे. दिसत असेल. तार मात्र आलेली नाही. फोनवाले म्हणतात, "सहा महिने धरून चाला, आधी रस्ता व्हायचाय." पाणीही आलेलं नाही. बिल्डिंगची बोअर फेब्रुवारीतच आटली, तिसऱ्या दिवशी टँकर येतो. मग घरभर भरलेल्या बादल्या. मधल्या वाटेत काही ठेवायचं नाही, हा आमच्या घरातला सोळा वर्षांचा नियम. माझी नजर गेली तेव्हापासूनचा. आणि नियम मोडतं कोण? बाबा. आज पुन्हा बादली वाटेत. माझी नडगी फुटली, अर्धी बादली सांडली. "लक्षात आलं नाही रे," म्हणाले. लक्षात यायला काय लागतं?

तीस तारखेपर्यंत दहा मुलाखती रेकॉर्डिंग ऐकून टाइप करून पुण्याला मेलनं पाठवायच्या आहेत. रेकॉर्डिंग जुन्या घरी असतानाच उतरवून घेतली होती. दुष्काळावर काम करणारी छोटी संस्था आहे. त्यांच्या सावनीताई फोनवर सरळ म्हणाल्या, "दहा करून पाठवा. चांगल्या झाल्या तर जूनपासून कायम. घरूनच काम. रेकॉर्डिंग मेलवर येणार, मजकूर मेलवर जाणार." 'तुम्हाला जमेल ना?' असं एकदाही विचारलं नाही. एम.ए. होऊन पाच वर्षं झाली. दया म्हणून न मिळालेलं हे पहिलं काम.

आई म्हणते, "पेनड्राइव्ह दे ना, बाबा कॅफेतून पाठवून देतील." मी नाही म्हणालो. दर आठवड्याला बाबांना कॅफेत पाठवून करायची नोकरी ही माझी नोकरी नाही.

दुसऱ्या मजल्यावरच्या मनस्विनी मॅडम, शाळेत गणित शिकवतात, त्यांनी घरी सिमकार्डवर चालणारा वायफायचा डबा बसवलाय. "पासवर्ड घ्या, बिनधास्त वापरा, महिन्याला थोडा हातभार लावा," म्हणाल्या. म्हणजे आता माझ्या संगणकाला फक्त वायफाय पकडणारा अडॅप्टर हवा. यूएसबीत खुपसायचा, बोटाच्या पेराएवढा असतो. उद्या बाबा आणतील.

५ एप्रिल, मंगळवार

अडॅप्टर आला. लावला. काही नाही. संगणकाला काही टोचल्याचंही जाणवलं नाही.

सोबत सीडी आहे, ती फक्त विंडोजसाठी. माझ्याकडं विंडोजऐवजी लिनक्स. त्यात पडद्यावरचं मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्राम फुकट मिळतो आणि तो मराठीही वाचतो. आवाज डब्यात बसलेल्या माणसाचा, पण मराठी. माझ्या अंधशाळेतल्या मित्रानं, माऊलीनं, चार वर्षांपूर्वी बसवून दिला होता. त्याच्याशिवाय माझा संगणक म्हणजे लोखंडाची पेटी.

दुकानदाराला फोन केला. "लिनक्स? ते आमच्याकडं येत नाही." येत नाही म्हणजे काय, पाहुणा आहे का?

मनस्विनी मॅडमनी त्यांच्या फोनवर शोधून सांगितलं की अशा अडॅप्टरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला ते यंत्र ओळखायला शिकवणारा प्रोग्राम, लिनक्ससाठी वेगळा उतरवावा लागतो. पण एकाच नावाच्या अडॅप्टरच्या पोटात वेगवेगळ्या चिपा असतात. मागं चिकटवलेल्या कागदावर बारीक इंग्रजी आकड्यात व्हर्जन लिहिलेलं असतं, त्याप्रमाणं ड्रायव्हर घ्यायचा. त्या खाली त्यांच्या घरून फोनवर बोलत होत्या. मी बाबांना म्हणालो, "वाचा."

बाबा खिडकीपाशी गेले. बराच वेळ लावला. मग ठामपणे म्हणाले, "व्हर्जन आठ."

बत्तीस वर्षं कोर्टाच्या नक्कल विभागात काढलेला माणूस. एका वेलांटीपायी दस्त परत पाठवणारा. मॅडम उद्या शाळेतून आठचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आणून देणार.

८ एप्रिल, शुक्रवार. पाडवा

गुढी उभारताना बाबांनी काठी गॅलरीतल्या दिव्यावर आपटली. काचा पडल्या. आई म्हणाली, "अहो, डोळे कुठं आहेत तुमचे?" सणाच्या दिवशी त्यावरून दोघांचं वाजलं.

ड्रायव्हर बसवला. म्हणजे प्रयत्न केला. चार तास. "एरर" हा एकच शब्द त्या डब्यातल्या माणसानं इतक्यांदा म्हटला की तो माझं नाव घेतोय असं वाटायला लागलं.

आणखी एक. फेब्रुवारीपासून बाबांनी मला अग्रलेख वाचून दाखवणं बंद केलंय. सोळा वर्षं रोज सकाळी चहाबरोबर वाचायचे. आता विचारलं की, "काय वाचायचं त्यात, तेच ते." स्वतःचा फ्लॅट झाला, आता मुलाला अग्रलेख कशाला? मी पुन्हा विचारणार नाही.

१० एप्रिल, रविवार

ड्रायव्हर बसत नाही. मॅडमनी दोन वेगळ्या ठिकाणांहून आठच्या फायली आणून दिल्या. एक बसल्यासारखी वाटली, पण अडॅप्टर मेल्यासारखाच. वर संगणक म्हणतो की ड्रायव्हर बांधायला लागणारी हत्यारं, म्हणजे आणखी काही प्रोग्राम, तुझ्याकडं नाहीत, नेटवरून घे. नेट मिळवायला ड्रायव्हर पाहिजे आणि ड्रायव्हर बांधायला नेट. हे ज्यानं बनवलं त्याला आमच्या बिल्डिंगमध्ये टँकरच्या रांगेत उभं करा.

त्यातल्या त्यात, सहा मुलाखती झाल्या. सहावी पाचोडकडच्या एका खेड्यातल्या सरूबाईंची. बाई फटकळ आहे. "नदीतली वाळू नेली समदी शहरात, बिल्डिंगीला. वाळू नाय तर पाणी कशाला थांबंल? ते बी गेलं वाळूच्या मागं. आन् आता शहरात बी पाणी नाय म्हणत्यात! मंग गेलं कुठं?"

ती वाळू बहुधा माझ्या या भिंतीत आहे.

१३ एप्रिल, बुधवार

काल आईबरोबर छावणीत मावशीकडं गेलो होतो. संध्याकाळी आलो तर टेबलावर संगणक नाही. हात फिरवला, नुसत्या तारा. बाबा म्हणाले, "सर्जेरावकडं दिलाय. बाजारात त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. उद्या मिळेल, नेटसकट."

"मला न विचारता?"

"अरे, तू आठ दिवस डोकं फोडतोयस. म्हटलं, करून टाकावं."

आज सर्जेराव स्वतः घेऊन आला. मोठ्या आवाजाचा, खुशीत असलेला माणूस. "दादा, लई जुनं काय काय भरलं होतं त्यात. ते लिनक्स-बिनक्स समदं काढून टाकलं. कोरी करकरीत विंडोज टाकली. डोंगल बी चालू. आता बघा कसं पळतंय!"

मी म्हणालो, "फायली?"

"कंच्या फायली?"

"माझ्या फायली. माझं काम."

"ते फॉरमॅट मारला की जातंच की दादा. काका म्हणले टाका, म्हणून टाकलं."

मी खुर्चीत बसलो. कळा दाबल्या. शांत. एक इंग्रजी बोलणारी बाई सापडली त्यात, फार शोधल्यावर. मराठी मजकूर आला की ती गप्प बसते. सहा मुलाखती गेल्या. चार वर्षांची टिपणं, पत्रं, माझ्या एम.ए.च्या नोंदी, सगळं गेलं. दहा रेकॉर्डिंग माझ्या छोट्या प्लेअरमध्येही होती, तेवढी राहिली.

सर्जेराव गेल्यावर मी बाबांना काय काय बोललो ते सगळं लिहिणार नाही. हे मात्र लिहितो, कारण बोललो त्याचा मला पश्चात्ताप नाही. म्हणालो, "तुम्ही माझे डोळे काढून घेतलेत. एकदा गेले होते, ते मी परत उभे केले होते, आणि तुम्ही ते बाजारात नेऊन पुसून आणलेत."

एरवी बाबा कोर्टातल्यासारखं मुद्द्याला मुद्दा देतात. आज नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार. जाताना चौकटीला धडकले. रागानं दार आपटायचं असेल, तेही धड जमलं नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. दूर मुख्य रस्त्यावरून मिरवणुकीचे ढोल दिवसभर. बाबांशी बोललो नाही. माऊलीला परभणीला फोन केला. तो आधी पाच मिनिटं शिव्या देत होता, माझ्या वतीनं. बरं वाटलं. लिनक्सचा पेनड्राइव्ह उद्याच्या एसटीनं पार्सल करतो म्हणाला.

१७ एप्रिल, रविवार

पार्सल काल मिळालं. आज लिनक्स परत बसवलं. एकट्यानं, माऊली फोनवर.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू केला की बराच वेळ काही नसतं. मग ढोलकीवर थाप पडल्यासारखा एक आवाज येतो. माऊली म्हणाला, "ती थाप आली की तीन कळा एकत्र दाब." थाप आली. दाबल्या. आणि तो डब्यातला माणूस बोलायला लागला. मला रडू आलं, माऊलीला कळू दिलं नाही. तो म्हणाला, "नाक काय वाजवतोस? पुढं चल."

पुढचं म्हणजे दर पायरीवर ऐका, कळ दाबा, ऐका. "डिस्क पुसू का?" असं संगणकानं विचारलं तेव्हा मी विंडोज पुसायला हो म्हटलं. जोरात दाबली ती कळ.

आता सहा मुलाखती पुन्हा आणि चार नव्या. तेरा दिवस.

बाबांनी दुपारी पाण्याचा तांब्या आणून ठेवला टेबलावर. कडेला. माझा हात लागला आणि कीबोर्डवर पडता पडता वाचला. मी तांब्या उचलून स्वयंपाकघरात ठेवून आलो.

२० एप्रिल, बुधवार

सरूबाई दुसऱ्यांदा. पहिल्या वेळी मी एक वाक्य सोडून दिलं होतं, कामाचं नाही म्हणून. विहिरीचं सांगता सांगता ती मुलाखत घेणाऱ्या मुलीला म्हणते, "तू पानी पेलीस का? तांब्या तसाच ठिवला. पी की, आमच्यात आलं म्हणून लाजू नगं." ज्या घरात तीन कोसांवरून पाणी येतं त्या घरात. या वेळी टाइप केलं.

संध्याकाळी माऊलीचा फोन. म्हणाला, "त्या अडॅप्टरच्या कागदावर विश्वास ठेवू नकोस. मशीनलाच विचार." आणि एक आज्ञा सांगितली, पाच अक्षरांची. यूएसबीला काय काय लागलंय ते संगणक स्वतः सांगतो. चिपचा नंबर मिळाला. माऊलीनं तो त्याच्या नेटवर पाहिला. म्हणाला, "ही व्हर्जन तीन आहे. तुम्ही आठचा ड्रायव्हर कशाला कोंबताय?"

तीन.

मी उठून बाहेरच्या खोलीत गेलो. बाबा टीव्हीसमोर होते. म्हणालो, "तीन आहे. तीन! आठ नाही. एक आकडा वाचायला दिला होता तुम्हाला. एक. तीन नीट वाचला असतात तर पहिल्या आठवड्यात काम झालं असतं, सर्जेराव आला नसता, माझं काही गेलं नसतं. पर्वाच नाही तुम्हाला. वाचल्यासारखं केलंत आणि ठोकून दिलंत आठ."

आई आतून धावत आली. "चिनू, बास."

बाबा म्हणाले, "खरंय त्याचं." एवढंच. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

अशा वेळी माणूस निदान उलटं तरी बोलतो. भिंतीवर डोकं आपटल्यासारखं झालं मला.

२२ एप्रिल, शुक्रवार

नेट आलं.

मनस्विनी मॅडम चार वाजता वर आल्या, तीनचा ड्रायव्हर घेऊन. बांधायची हत्यारं नाहीतच, पुन्हा तेच. मी टेबलावर मूठ आपटली. त्या म्हणाल्या, "थांबा हो. शाळेतला एक सर म्हणत होता, फोन केबलनं लावला तर फोनचं नेट संगणकाला मिळतं. करून बघू?" त्यांचा फोन लावला, फोनमध्ये काहीतरी चालू केलं. डब्यातला माणूस लगेच म्हणाला, वायर जोडली गेली, नेट आहे.

चाळीस दिवस! चाळीस दिवस एक साधी केबल घरात होती.

मी हसायला लागलो, मॅडमही. मग फोनच्या नेटवर हत्यारं उतरवली, ड्रायव्हर बांधायला घेतला. पडद्यावर ओळी धावायला लागल्या आणि तो माणूस त्या वाचता वाचता धापा टाकायला लागला. शेवटी थांबला. एरर नाही. एकही नाही. अडॅप्टर काढून परत लावला. मॅडम ओरडल्या, "निळा दिवा लागला!" पासवर्ड टाकला. जोडलं गेलं. मी पहिल्यांदा माऊलीला मेल केला, एका शब्दाचा, तो इथं लिहिण्यासारखा नाही.

आई चहा टाकायला गेली. मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "चिन्मयदादा, एक विचारू? काकांचं बरं आहे ना?"

"त्यांना काय झालंय?"

"काही नाही. परवा जिन्यात समोरासमोर आले तर मला म्हणाले, 'कोण?' रोज बोलतो आम्ही. आणि हात भिंतीला लावून उतरतात. मागच्या आठवड्यात लाइटबिल आणलं होतं माझ्याकडं. चष्मा घरी राहिला, जरा वाच म्हणाले. चष्मा खिशात होता."

मी म्हणालो, "वय झालंय." त्या गेल्या.

मी त्यानंतर मुलाखतीला बसलो. अर्धा तास एकच वाक्य ऐकत होतो.

बादली. गुढीची काठी. चौकट. तांब्या टेबलाच्या कडेला. अग्रलेख.

आठ.

२४ एप्रिल, रविवार

काल दिवसभर धीर झाला नाही. आज आई देवळात गेल्यावर मी पेपर घेऊन बाबांच्या समोर बसलो.

"अग्रलेख वाचा."

"आज? चष्मा आत आहे."

"चष्मा नाकावर आहे तुमच्या. आत्ता सारखा केलात, काडीचा आवाज आला मला."

खाली टँकर आला होता, बायकांचा गलका चालला होता. बाबांनी पेपर घेतला, उलगडला, पानाचा आवाज झाला. मग पुन्हा घडी घातली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीपासून असेल. डावा गेलाच आता. उजव्यात धूर असल्यासारखं. मधे मधे दिसतं."

"आईला माहितीय?"

"नाही. तिला सांगायचं नाही, चिनू. तिनं एकदा काढलंय ते सगळं. एका घरात दोन कशाला?"

मला वाटलं होतं मला रडू येईल. आला तो राग. मी तेरा वर्षांचा होतो, काचबिंदूनं माझं सगळं गेलं तेव्हा डॉक्टरांनी आम्हा दोघांना शेजारी बसवून सांगितलं होतं, हा घराण्यातून येतो, वडिलांनी दर वर्षी डोळे तपासायचे, न चुकता. मी म्हणालो, "सोळा वर्षांत किती वेळा गेलात?"

"एकदाही नाही."

"का?"

"भीती वाटली," बाबा म्हणाले. जन्मात पहिल्यांदा हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकला.

"आणि सर्जेराव?"

"तो म्हणाला, विंडोजमध्ये अक्षरं पाहिजे तेवढी मोठी होतात. मला वाटलं तुझं नेट होईल, आणि तू नसताना मी जरा पेपर वाचत जाईन त्याच्यावर. तुझं सगळं पुसलं जाईल हे नव्हतं ठाऊक. विचारायला पाहिजे होतं. पण विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं."

मी त्यांना तेरा तारखेला जे म्हणालो होतो ते आठवलं. पश्चात्ताप नाही असंही लिहून ठेवलंय मी वर. ब्रेल खोडता येत नाही सहज. नखानं टिंबं चेपावी लागतात. चेपली नाहीत. राहू देत.

आई आल्यावर मी तिला सांगितलं. बाबांनी नको म्हटलं होतं तरी. आईनं ओटीतले तांदूळ तसेच ओट्यावर ठेवले आणि म्हणाली, "मी आंधळी होते का या घरात?" मग स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

२८ एप्रिल, गुरुवार

सकाळी संगणकानं स्वतःला अपडेट केलं आणि अडॅप्टर पुन्हा मेला. माऊली म्हणाला, असंच होतं, लिनक्स नवं झालं की ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागतो. शिव्या दिल्या. मॅडम शाळेत होत्या, फोन नव्हता. पण हत्यारं होती आता. पंचवीस मिनिटांत एकट्यानं बांधला. निळा दिवा लागला की नाही ते मला कोण सांगणार होतं? मेल आला सावनीताईंचा, त्यावरून कळलं.

दोन मुलाखती राहिल्यात. आई बाबांशी बोलत नाही. दवाखान्याचा नंबर मंगळवारचा.

३० एप्रिल, शनिवार

दहाही पाठवल्या. सव्वाचारला. शेवटची फाइल जाईपर्यंत खुर्चीत ताठ बसून होतो. गेल्यावर कुणाला सांगावं कळेना. मधली वाट रिकामी होती, चालत बाहेरच्या खोलीपर्यंत गेलो. बाबांना म्हणालो, "गेल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"वेळेत," बाबा म्हणाले. कोर्टातला माणूस.

३ मे, मंगळवार

दवाखान्यात साडेतीन तास. माझी काठी आणि बाबांचा हात माझ्या खांद्यावर. एक बाई आपल्या मुलीला कुजबुजली, "बघ गं, आंधळा पोरगा बापाला घेऊन आलाय." मी वळून म्हणालो, "ऐकू येतं मला." मुलगी हसली.

डॉक्टर बाई तरुण होत्या, सरळ बोलल्या. डावा गेला. उजव्यात तिसरा हिस्सा उरलाय. गेलेलं परत येत नाही, उरलेलं राखायचं. थेंब, दोन्ही डोळ्यांत, सकाळ-संध्याकाळ, एक दिवसही चुकवायचा नाही. "दोन वर्षं आधी आला असतात तर," म्हणाल्या आणि थांबल्या. मला वाटत होतं त्यांनी पुढचंही बोलावं. बाबांनी ऐकावं ते. नाही बोलल्या.

रिक्षात बाबा विचारत होते, "कुठं आलो?" मी आवाजावरून सांगत होतो. छावणीचा बाजार. पूल. पडेगावचा चढ.

९ मे, सोमवार

सावनीताईंचं पत्र आलं. जूनपासून. लिहिलंय की इतरांनी तांब्याचं वाक्य गाळलं असतं, तुम्ही ठेवलंत, सगळ्या मुलाखती अशाच हव्यात. तीनदा वाचून घेतलं त्या डब्यातल्या माणसाकडून. मॅडमना पेढे दिले. माऊली फोनवर म्हणाला, पहिल्या पगारात मला नवा स्पीकर.

थेंबांचं मात्र आठवडाभर वाटोळं चाललंय. बाबांना स्वतःला घालता येत नाहीत. अर्धी बाटली गालावर, कानात, सदऱ्यावर. आई घालायला गेली तर तिचाही नेम चुकतो. बोलत नाही अजून, पण थेंबाला येते, मग रडते, मग निघून जाते. आज संध्याकाळीही तेच. मी उठलो.

"इकडं द्या ती बाटली."

"तुला कसं दिसणार?" बाबा म्हणाले. मी बाटली काढून घेतली.

त्यांना पलंगावर बसवलं. कपाळावर हात ठेवला. बाबांच्या चेहऱ्याला मी कधी हात लावला नव्हता, मोठा झाल्यावर तर नाहीच. भुवया दाट आहेत, हाडं टोकदार, गालावर परवाची दाढी. माझ्या डोळ्यांत थेंब घालताना ते काय करायचे ते माझ्या बोटांना आठवत होतं. खालची पापणी अंगठ्यानं ओढायची, बाटली भुवईच्या हाडावर टेकवायची, म्हणजे हात हलत नाही. मी किंचाळायचो तेव्हा.

पापणी ओढली. बाबांनी मान मागं घेतली.

"हलू नका!"

"ओरडू नकोस रे."

"मग हलू नका. सोळा वर्षं हलला नाहीत डॉक्टरकडं जायला, आता दोन सेकंद हलू नका."

बाबा स्थिर झाले. श्वास धरून. मी दाबलं.

"पडला?"

"पडला," बाबा म्हणाले. "आतच पडला."

आई दारात होती. बांगड्या वाजल्या. आत आली नाही, गेलीही नाही.

मी दुसऱ्या बाजूला सरकलो. बाबांनी माझा हात धरला. "डावा गेलाय रे. त्यात कशाला? वाया जातो थेंब. महाग आहे."

"डॉक्टरांनी दोन्ही सांगितलेत."

"वाया जातो, चिनू."

"जाऊ दे वाया," मी म्हणालो. "मान वर करा."